सादिकूनचे हरवलेले पस्तीस दिवस

आमच्या जावातल्या सुंबरगायामात कुणाला वय विचारलं की तो माणूस आधी म्बाह सादिकूनच्या, म्हणजे सादिकून आजोबांच्या, ओसरीकडे बघतो. आपलं वय त्यानं तिथं ठेवायला दिलेलं असतं, शेजाऱ्याकडे छत्री ठेवावी तसं.

सरकारी कार्डावर वय असतं, नाही असं नाही. पण ती कार्डं करायला कारकून आला त्या दिवशी ऊन फार होतं. त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांना ओळीत उभं केलं आणि जन्मतारीख विचारली. एक म्हणाला, भाताला ओंब्या धरल्या होत्या तेव्हा. दुसरी म्हणाली, पूल वाहून गेला त्याच्या आदल्या बाजाराला. कारकुनानं घाम पुसला आणि सगळ्यांना एकतीस डिसेंबर लावून टाकली. तेव्हापासून आमच्याकडची चौतीस माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. त्यात तीन नवरा-बायकोच्या जोड्या आहेत आणि एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या एक सासू-सून आहेत.

म्बाह सादिकूनना हे सहन झालं नाही. त्याच संध्याकाळी ते घरोघर गेले आणि ज्याचा त्याला खरा वार परत देऊन आले.

"तू शनिवार पाहिंग. तुझ्या आईला कळा लागल्या तेव्हा तुझा बाप कोंबड्याच्या झुंजीवर होता. हरून आला आणि तू दिसलास. म्हणून तुझ्यावर त्याचा राग."

"अस्सं होय!" तो सत्तरीचा माणूस म्हणाला. त्याला आयुष्यभराचं कोडं सुटल्यासारखं झालं.

आमच्याकडे दिवसाला दोन वार असतात. सातांची एक माळ तुमच्यासारखीच, आणि लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन ही पाचांची दुसरी. दोन्ही माळा एकदम ओढत गेलं की पस्तीस दिवसांनी तीच जोडी पुन्हा बोटांत येते. ह्या पस्तीस दिवसांना सेलापान म्हणायचं. लग्न, सुंता, विहीर, नवं छप्पर, सगळं ह्या जोड्या पाहून होतं, आणि जोड्या पाहायच्या त्या म्बाहंनी. डोळे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत, ओठ हलवत. कपातला चहा पिण्याजोगा होईपर्यंत उत्तर तयार. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही. गावात त्यांची शेती अर्धा बिघा आणि दात सात, पण ही एक गोष्ट त्यांच्याकडे अखंड होती.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, इतकं लक्षात राहतं कसं?

"प्रत्येक दिवसाला काहीतरी टांगायचं," ते म्हणाले. "डोंगरानं राख ओकली. अमक्याच्या बकरीला जुळी झाली. मशिदीतला मोदिन विहिरीत पडला. ज्या दिवसाला टांगायला काही नसतं तो दिवस भिंतीवरून घसरतो. मग कितीही शोधा."

त्यांच्या बायकोचं सगळं उलट होतं. तिचं नाव पोनिरा. रविवार पोनला जन्मली म्हणून पोनिरा. तिच्या आयुष्यात दोनच दिवस होते, आज आणि परवा. गेल्या बाजारापासून थेट लग्नापर्यंत जे काही होऊन गेलं ते सगळं परवा.

"परवा आपलं लग्न झालं तेव्हा हा फणस कमरेएवढा होता."

"परवा? एकेचाळीस वर्षं झाली, पोनिरा!"

"तेच ते."

म्बाह कपाळ बडवून घेत. सबंध गावाचा काळ सांभाळणाऱ्या माणसाच्या घरातच काळाचा असा गोळा होऊन पडलेला.

एका बुधवार क्लिवोनला सकाळी अंगण झाडता झाडता ती पायरीवर बसली. "जरा थांबते," म्हणाली. झाडू मांडीवरच होता.

ती गेल्यानंतरचे विधी म्बाहंनी स्वतःच मोजले. तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग वर्ष, मग दुसरं वर्ष. दर वेळी गाव जमलं, प्रार्थना झाली, भाताचे पुडे वाटले गेले. आता राहिला होता फक्त हजारावा दिवस, त्याला हजारावंच म्हणायचं. हजारावं झालं की कबरीवर दगड बसवतात. तोवर नुसती माती आणि दोन लाकडी खुंट. हजाराव्यानंतर मात्र काही मोजायचं नसतं. माणूस पूर्ण गेलं असं धरतात.

मधल्या दिवसांत म्बाह ओसरीवर बसत. सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी चहा. समोरून बदकं जात, मग बदकं येत. माझं घर समोरच असल्यामुळे मला ते बाकड्यासारखे सवयीचे झाले होते. विचारलं तर म्हणत, "दिवस सरता सरत नाही रे." आणि पुढच्याच घोटाला, "वर्ष कुठं गेलं कळलं नाही." दोन्ही खरं होतं. सरता न सरणारे दिवस एकावर एक ठेवले तर रचलेल्या कागदांसारखे दिसायला ते बोटभरही होत नाहीत.

एकच दिवस वेगळा असे. दर सेलापानाला रविवार पोन आला की ते बायकोच्या वाराची तांबडी-पांढरी खीर करत. अर्धी नुसत्या नारळाच्या दुधातली, अर्धी माडाचा गूळ घातलेली. जन्मवाराला ती करायचीच असते. पोनिरा सगळ्यांच्या वाराला करायची, आता तिच्या वाराला हे. चुलीशी त्यांचा आधी काहीही संबंध नव्हता. खीर खाली लागायची. नुसती लागायची नाही, करपायची. रविवार पोनला गावात कुणी धुणं वाळत घालत नसे.

भांडं शेजारच्या बू तुकिनेमचं. ती तळलेलं तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकते, म्बाहंना कांग कुन, म्हणजे सादिकूनदादा, म्हणते, तोंडानं फटकळ आहे, आणि म्बाहंच्या घरात भांडं म्हणून एक किटली आणि एक कढई उरली होती. खीर झाली की म्बाह कुंपणावरून ते भांडं परत देत आणि तुकिनेम राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसे.

"कांग कुन, खीर केलीत की कोळसा पाडलात?"

"खाली जरा लागली, नेम."

"जरा? वर जरा उरलीय!"

तर हजाराव्याचा विषय आधी तिनंच काढला. कुंपणापाशी उभी होती, कमरेवर नातू.

"कांग, पोनिराताईचं हजारावं जवळ आलं असेल ना?"

"छे. अजून वेळ आहे. परवाच तर गेली."

तुकिनेमनं नातवाला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "परवा? अहो, ती गेली तेव्हा माझ्या मुलाचं लग्न व्हायचं होतं. मग लग्न झालं, सून आली, सून रुसून गेली, परत आली, हा झाला, आमचं छप्पर उडालं, तेलाच्या कढईनं माझा पाय भाजला. हा आता माझ्याच कोंबड्यांना दगड मारतो. परवा म्हणे! मला तर दहा वर्षं झाल्यासारखी वाटतात."

"तुझ्याकडे फार गोष्टी होतात," म्बाह म्हणाले. जणू ती उधळेपणानं वागत होती.

चार दिवसांनी बाताम बेटावरून म्बाहंच्या मुलीचा फोन आला. विनार्सी. तिकडे कारखान्यात काम करते. म्बाह फोनचा आवाज मोठा करून, तो हातभर लांब धरून ओरडून बोलतात, त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना कधी काही विचारावं लागत नाही.

"बापाक, येत्या सोमवार वागेला आईचं हजारावं. मला तीन दिवसांची रजा मिळालीय. तिकीट काढलं."

"सोमवार वागे बरोबर. पण हा नव्हे, न्दुक, पोरी. पुढचा."

"पुढचा म्हणजे पस्तीस दिवसांनी?"

"मग? सोमवार वागे काय दर आठवड्याला येतो?"

"मी फोनमध्ये मोजलंय. बरोबर एक हजार भरतात."

"फोननं कुणाला विचारलं?"

"कुणाला म्हणजे? मी मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख घातली."

"दाखला कुणी लिहिला?"

"कारकुनानं," विनार्सी म्हणाली.

"झालं तर मग. फोन कागदाला विचारतो, कागद कारकुनाला विचारतो, आणि कारकून सगळ्यांना एकतीस डिसेंबर लावतो."

"बापाक, मला पुन्हा रजा नाही मिळायची. आईच्या दगडाला मी असणारच. माझ्याशिवाय तुम्ही दगड बसवलात तर..."

"आणि चुकीच्या दिवशी बसवला तर तिला काय सांगू?" म्बाह म्हणाले. फोन मात्र अजून हातभर लांबच होता.

विनार्सी शनिवारी आलीच. एक पिशवी, सुजलेले डोळे, आणि गावातल्या सगळ्यांसाठी बातामची बिस्किटं. तिनं बायका जमवल्या, तांदूळ आणले, नारळ आणले, मागच्या अंगणात चुली मांडल्या. आमचा दिवस दिवेलागणीला बदलतो, म्हणजे सोमवार वागे रविवारी संध्याकाळीच लागणार. प्रार्थना आणि जेवण तेव्हा. त्यासाठी रविवारी सकाळी चुली पेटायला हव्या होत्या. सकाळ झाली. बायका खोबरं किसून बसल्या, पण काडी लावायला कुणी तयार होईना. म्बाह हो म्हणत नव्हते.

विनार्सी मोदिनकडे गेली. प्रार्थना तोच सांगतो. तो मान खाली घालून आला.

"विनार्सीताई, मला तुमचं पटतं. पण माझ्या लग्नाचा दिवस म्बाहंनी काढून दिला. बायको अजून माझ्याजवळ आहे. मी त्यांच्या शब्दाबाहेर कसा जाऊ?"

"बायको आहे ती तिच्या सोशिकपणामुळं," कुणीतरी खोबऱ्याच्या मागून म्हणालं.

आम्ही सगळे म्बाहंच्या स्वयंपाकघरात शिरलो. रविवार पोन असल्यामुळे ते खाली बसून खीर ढवळत होते. पाठ आमच्याकडे.

"बापाक," विनार्सी म्हणाली, "तुम्ही हजारावं मोजलंत कसं, तेवढं सांगा. मग मी गप्प बसते."

"खिरीवर." म्बाह ढवळतच राहिले. "ती बुधवार क्लिवोनला गेली. अठरा दिवसांनी तिचा पहिला वार आला, पहिली खीर. तिथून दर सेलापानाला एक. एकोणतिसावी खीर झाली की दुसऱ्या दिवशी हजारावं. आजची अठ्ठाविसावी. अजून एक व्हायचीय."

मोदिननं बोटांवर करून पाहिलं, मीही पाहिलं. हिशेब चोख होता. एकोणतिसाव्या खिरीच्या दुसऱ्या दिवशी सोमवार वागे येतो आणि तो हजारावाच असतो. प्रश्न एवढाच की आजवर खिरी किती झाल्या.

"मोजा मग," विनार्सी म्हणाली. "एकेक करून."

म्बाहंनी पळी मोदिनच्या हातात दिली, पाट फिरवून आमच्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. अंगठा करंगळीच्या पेरावर गेला.

"पहिली. सगळीच काळी झाली. बदकांनीसुद्धा खाल्ली नाही. दुसरी. साखर म्हणून मीठ पडलं. तिसरी. उतू गेली, चूल विझली. चौथी, मी डुलकी काढली."

"त्या दिवशी माझं नवं बाटिकचं कापड वाळत होतं," एक बाई म्हणाली. "अजून धुराचा वास येतो त्याला."

"ती पाचवी," म्बाह म्हणाले. "चौथीला तुझी सतरंजी होती."

"हो, सतरंजी. बरोबर."

ते सांगत गेले आणि आम्ही चकित होत गेलो. सादिकूनच्या गेल्या तीन वर्षांत काहीच झालं नाही असं आम्हाला वाटत होतं, आणि इथं तर आगीच आगी लागलेल्या. नवव्या खिरीला मोदिनचा भोंगा चालू राहिला होता आणि त्याचं नि बायकोचं भांडण गावानं ऐकलं. त्या नादात खीर राहिली. मोदिन पळी जोरानं फिरवू लागला. पंधरावीला लाकडी पळीच पेटली. सोळाव्या खिरीत मांजर पडलं, निघालं, आणि पुढं आठवडाभर ते स्वतःला चाटत होतं. सतराव्या वेळी नारळच नासका निघाला. विसावी बरी होत होती तेवढ्यात भूकंपाचा बारीकसा धक्का बसला.

"पंचवीस, म्हणजे गेल्या पावसातली, ओल्या लाकडांची. सव्वीस, ओसरीवर साप आला ती. सत्तावीस, मागची. तू ह्या आधीच्या फोनवर रडलीस ती." अंगठा थांबला. "सत्तावीस झाल्या. आजची अठ्ठाविसावी."

एकही खीर सुटलेली दिसत नव्हती. प्रत्येकीला काही ना काही टांगलेलं होतं आणि प्रत्येकीचा साक्षीदार खोलीत हजर होता. विनार्सी दाराच्या चौकटीला टेकली. तिनं फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, परत ठेवला. तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधायला एक बाई हळूच बाहेर गेली.

नेमकी तेव्हा तुकिनेम बाजारातून आली. टोपली रिकामी, पदर ओला.

"मयत झाल्यासारखे काय उभे आहात सगळे? चुली का थंड?"

"खिरी मोजल्या, बुलिक मावशी, प्रत्येकीचं काय बिघडलं ते आठवून," विनार्सी म्हणाली. "बापाकच बरोबर आहेत. आजपर्यंत सत्तावीस."

"अठ्ठावीस," तुकिनेम म्हणाली, आणि टोपली खाली ठेवली.

म्बाहंनी डोळे उघडले. "कशावरून?"

"भांडं माझं आहे. घासते मी."

"तू काय प्रत्येक घासणं मोजत बसलीस?"

"घासणं कशाला मोजू? मनगटं दुखतात तेवढं पुरे. पण एकदा घासावं लागलं नव्हतं, ते कसं विसरेन?"

"घासावं लागलं नव्हतं?"

"नाही. माझ्या नातवाला पहिला दात आला त्या आठवड्यात. तुम्ही कुंपणावरून भांडं दिलंत. मी नेहमीसारखी राख घेऊन बसले, शेंडी घेतली, पदर खोचला. आत बघते तर पांढरं स्वच्छ. नुसतं पाण्यानं विसळलं आणि पालथं घातलं. आधी वाटलं, म्हाताऱ्यानं चूलच पेटवली नाही. मग वाटलं, घरात दुसरी आणून ठेवली की काय! दोन दिवस मी तुमच्या दारावर नजर ठेवून होते, कांग."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मोदिननं ढवळणं सोडलं.

"वाटीभर मला पाठवलीही होतीत," तुकिनेम म्हणाली. "चांगली झाली होती. पोनिराताईच्या हातची वाटली. तोंडावर बोलले नाही. म्हटलं, डोक्यात जाईल."

"कुठल्या दोन खिरींच्या मधली?" म्बाहंनी विचारलं.

"पळी जळली ती, आणि मांजर पडलं ती. त्यांच्या मधली."

म्बाहंचा अंगठा परत मागं गेला. आम्ही सगळे त्या एका अंगठ्याकडे बघत होतो. "पळी," ते पुटपुटले. "लावणी चालली होती. चिखलाच्या पायांनी लोक विझवायला आले." अंगठा पुढच्या पेरावर आला. "मांजर. मांजर बाहेर पळालं ते भाताच्या पेंढ्यांत जाऊन लोळलं. म्हणजे भात कापून झाला होता." ते थांबले. "लावणी ते कापणी, दोन सेलापानं तरी जातात. आणि मी मध्ये फक्त पस्तीस दिवस धरलेत."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. तो हात रिकामा मी पहिल्यांदा बघत होतो. एरवी त्यात नेहमी कुणाचा तरी दिवस असे.

"त्या दिवशी काहीच झालं नाही," ते म्हणाले. सबब सांगितल्यासारखे. "खीर बिघडली नाही, कुणी आलं नाही, कुणी ओरडलं नाही. मग लक्षात काय ठेवायचं?"

विनार्सी त्यांच्याजवळ खाली बसली.

"ती एकेचाळीस वर्षं करत होती," म्बाह तिला म्हणाले. "माझ्या वाराला, तुझ्या वाराला, तुझ्या आजीच्या वाराला. दर सेलापानाला तीन-तीनदा. एकदाही खाली लागली नाही, न्दुक. मला त्यातली एकसुद्धा आठवत नाही. नुसती चव आठवते. आणि मी तिलाच म्हणायचो, तुझा काळाचा गोळा होतो."

बाहेर बदकं चालली होती. मग तुकिनेमनं पदर खोचला.

"कांग, रडणार असाल तर आधी दिवस सांगा. मला तेल तापवायचंय."

म्बाहंनी बाहीनं नाक पुसलं. उभे राहिले. गुडघे वाजले.

"आज एकोणतिसावी. दिवेलागणीला सोमवार वागे. चुली पेटवा." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश, "आणि ध्यानात ठेवा, सादिकून एका सेलापानानं चुकला."

"भोंग्यावरून सांगू का, म्बाह?" मोदिननं आदरानं विचारलं.

"तू भोंग्याचं नावच काढू नकोस."

तेवढ्यात सगळ्यांना एकदम वास आला. मोदिन पळी हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या मागं एकोणतिसावी खीर भांड्याच्या बुडाशी काळीकुट्ट होत होती. तुकिनेमनं भांड्यात डोकावून पाहिलं आणि राखेचं टोपलं शोधायला गेली.

संध्याकाळी प्रार्थना झाली. भात, कोंबडी, गोड घावनं, सगळं वेळेत उरकलं. उशिरा पेटलेल्या चुलींवर भात जरा कच्चा राहिला, त्यामुळे हे जेवण गाव बरीच वर्षं विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड बसला. गवंड्यानं जन्मतारीख विचारली तेव्हा विनार्सीनं सवयीनं आईचं कार्ड काढलं. म्बाहंनी ते तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या खिशात घातलं आणि सांगितलं, "रविवार पोन. एवढंच कोर." गवंडी म्हणाला, वर्ष? म्बाह जरा घुटमळले. "परवा," असं त्यांच्या तोंडून निघालं, आणि गवंड्याला ते एखाद्या परगावचं नाव वाटलं. वर्ष कोरलं गेलंच नाही.

मंगळवारी विनार्सी परत गेली. बसमध्ये चढताना बापाचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "खीर करताना मोदिनला आत घेऊ नका."

लोक अजून म्बाहंकडून दिवस काढून घेतात. फक्त आता जाताना कुंपणापाशी थांबून तुकिनेमलाही एकदा विचारतात. ती कधी मान हलवते, कधी "बघू," म्हणते, पण तेम्पे घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही. म्बाहंना हे माहीत आहे. ते चहा पितात आणि बदकांकडे बघतात.

मला वाटलं होतं, हजारावं झालं, आता ते खीर करणार नाहीत. मोजायला काही उरलं नव्हतं. पण पस्तीस दिवसांनी रविवार पोन आला आणि सकाळी सकाळी समोरून धूर दिसायला लागला. मी आमचं धुणं आत घेतलं.

"कांग कुन!" तुकिनेम कुंपणावरून ओरडली. "खाली लागलंय!"

"माहीत आहे!" आतून आवाज आला.

"माहीत आहे तर उतरवा की!"

आत पळी बुडाशी खरवडली.

"अजून जरा लागू दे, नेम. नाहीतर हीसुद्धा हरवेल."

तुकिनेम काहीतरी पुटपुटली. ते ऐकू आलं नाही, पण चांगलं नसावं. मग तिनं राखेचं टोपलं ओढलं, नारळाची शेंडी त्यात टाकली, आणि कुंपणाशी उकिडवी बसून भांड्याची वाट बघू लागली.